ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला मागे रुंद चाकं बसवताना: आधी परीघ, मग रुंदी

न्यू जर्सीत एडिसनला राहतो, आणि माझ्याकडे बीएमडब्ल्यू ३३०आय एक्सड्राइव्ह आहे, जी२० पिढीची. एक्सड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी बीएमडब्ल्यूची ऑल-व्हील-ड्राइव्ह रचना. घेतली तेव्हा चारही चाकांना एकाच मापाचे टायर होते, २२५/४५ आर१८. मला मागे २५५ मिलिमीटर रुंदीचे हवे होते. गाडी मागून भरलेली दिसते आणि ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांना जास्त पकड मिळते, ही त्यामागची कारणं. बीएमडब्ल्यू स्वतः याच गाडीसाठी पुढे २२५/४५ आर१८ आणि मागे २५५/४० आर१८ अशी जोडी देते. म्हणजे माप कंपनीचंच, चुकण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं. मागचे दोन नवे रिम आणि दोन नवे टायर बसवून घेतले. पुढचे टायर जुनेच ठेवले, कारण दुकानदार म्हणाला, "अजून दहा हजार मैल सहज जातील."

पहिल्याच आठवड्यात किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू रिव्हर्स घेताना गाडी अडखळायला लागली. कोणीतरी ब्रेक दाबतंय आणि सोडतंय, दाबतंय आणि सोडतंय, असं वाटत होतं. डॅशबोर्डवर दिवा नाही. सरळ रस्त्यावर काहीच नाही. फक्त ती थरथर, तळपायाला जाणवणारी.

कारण सापडलं ते खडूने आणि टेपने. पुढच्या टायरला जमिनीला टेकतो तिथे खडूची रेघ मारली, जमिनीवरही मारली, बायकोला स्टिअरिंगवर बसवलं, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून चाकाचे बरोबर पाच फेरे होईपर्यंत सरळ ढकलली आणि अंतर मोजलं: ९.९१ मीटर. मग तसंच मागच्या चाकाचं: १०.०७ मीटर. फरक १६ सेंटिमीटर, म्हणजे १.६ टक्के. पुढच्या टायरच्या खाचा साडेतीन मिलिमीटर उरल्या होत्या, मागच्या नव्या टायरच्या आठ. माप कंपनीचं होतं, पण झिजलेल्या टायरचं माप कंपनीचं राहत नाही, हे मी विसरलो होतो.

गिअरबॉक्सच्या मागे काय घडतं

एक्सड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सला लागून ट्रान्सफर केस असते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी. मागच्या चाकांकडे ताकद थेट जाते, पुढच्या चाकांकडे मात्र एका मल्टिप्लेट क्लचमधून. एक छोटी इलेक्ट्रिक मोटर त्या क्लचच्या प्लेटा कमीजास्त दाबते. किती दाबायच्या हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्यासाठी तो मुख्यतः चार चाकांच्या सेन्सरकडून येणारा वेग बघतो.

आता पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान असेल तर तेवढंच अंतर कापायला ते जास्त फिरतं. सरळ, कोरड्या, सपाट रस्त्यावरसुद्धा. या मापाचं चाक एका किलोमीटरला साधारण ५०० फेरे घेतं. १.६ टक्के फरक म्हणजे दर किलोमीटरला आठ फेरे जास्त. मुंबई-पुणे एवढ्या दीडशे किलोमीटरच्या प्रवासात सुमारे १,२०० फेरे. हा फरक कुठेतरी जिरायला हवा, आणि तो जिरतो त्या क्लचच्या प्लेटांमध्ये. प्लेटा घासत राहतात, तेल तापतं, काळं पडतं, आणि पुढे ती मोटरही थकते. हळू वळताना जाणवणारी थरथर म्हणजे प्लेटांची पकड आणि घसरण आलटून पालटून होणं.

फक्त मागची चाकं ताकद घेणाऱ्या गाडीत हा प्रश्नच नसतो. तिथे पुढचं चाक कितीही फेरे घेवो, त्याला कोणी विचारत नाही. म्हणून अशा गाडीच्या मालकाने दिलेला टायरचा सल्ला, तो कितीही अनुभवी असला तरी, ऑल-व्हील-ड्राइव्हला जसाच्या तसा लागू करू नका. रुंदीने ट्रान्सफर केस बिघडत नाही, परिघाच्या फरकाने बिघडते. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

पहिलं काम: परिघाचं गणित

टायरवरचं माप वाचायची रीत सोपी आहे. २५५/४० आर१८ मध्ये २५५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ४० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ४० टक्के, १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. व्यास काढायचा तर साइडवॉल दोनदा मोजायची (वर एक, खाली एक) आणि त्यात रिम मिळवायचा. १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलिमीटर.

पुढे: २२५ च्या ४५ टक्के म्हणजे १०१.२५, दुप्पट २०२.५, अधिक ४५७.२, एकूण ६५९.७ मिलिमीटर.
मागे: २५५ च्या ४० टक्के म्हणजे १०२, दुप्पट २०४, अधिक ४५७.२, एकूण ६६१.२ मिलिमीटर.

फरक दीड मिलिमीटर, पाव टक्क्याहूनही कमी. ही जोडी म्हणूनच चालते. रुंदी वाढवली की दुसरा आकडा त्या प्रमाणात उतरवायचा, ही त्यातली मेख. कोणी मागे २५५/४५ आर१८ टाकले तर व्यास ६८६.७ होईल, फरक चार टक्क्यांच्या वर. असा टायर रिमवर व्यवस्थित चढेल, आर्चमध्येही (चाकावरच्या कमानीत) कदाचित बसेल, आणि ट्रान्सफर केसची वाट लावेल.

मी स्वतः नव्या टायरांमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो, आणि झीज धरून एक टक्क्याच्या पुढे जाऊ देत नाही. सुबारू अमेरिकेत याहून कडक आहे: चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, असं ती सांगते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तोच पाळा, माझा नाही.

कागदावरचं माप आणि प्रत्यक्ष टायर यांतही फरक असतो. एकच माप छापलेले दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर उंचीत काही मिलिमीटर इकडेतिकडे निघतात. म्हणून पुढे-मागे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे टायर घ्या, आणि कंपनीच्या तांत्रिक तक्त्यात प्रति मैल किती फेरे हा आकडा असतो तो दोन्ही मापांसाठी ताडून बघा. दुकानात उभ्या उभ्या हे होत नाही, घरी बसून करा.

इथे एक प्रश्न हमखास येतो: निसान जीटी-आर (ती २०२५ पर्यंत बनत होती) किंवा पोर्शे ९११ कॅरेरा ४एस यांना तर कंपनीतूनच मागे रुंद टायर येतात, मग आपण का घाबरायचं? जीटी-आरला पुढे २५५/४० आणि मागे २८५/३५, दोन्ही २० इंची. गणित केलं तर व्यासात फरक अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर. सध्याच्या ९११ कॅरेरा ४एसला पुढे २४५/३५ आर२० आणि मागे ३०५/३० आर२१, तिथे फरक पाच टक्क्यांच्या वर जातो. पण त्या गाड्यांची सगळी ड्राइव्हलाइनच, म्हणजे इंजिनपासून चाकांपर्यंत ताकद नेणारी यंत्रणा, त्या हिशेबाने बांधलेली आहे. आपली गाडी ज्या गुणोत्तराने बांधली आहे तेच पाळायचं. पोर्शेचं बघून बीएमडब्ल्यूचा टायर ठरवायचा नाही.

रिम: चाक बाहेर येतं की आत जातं?

मूळ रिम ७.५ इंच रुंद, ऑफसेट २५ (रिमवर हा आकडा ईटी या अक्षरांपुढे कोरलेला असतो). मागचा नवा रिम ८.५ इंच, ऑफसेट ४०. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा भाग किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे. हा आकडा जितका मोठा, तितकं चाक गाडीच्या पोटात शिरतं.

रिम एक इंच रुंद झाला, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाढला. ऑफसेट १५ ने वाढला, म्हणजे सगळं चाक १५ मिलिमीटर आत सरकलं. बाहेरची कड १२.७ ने बाहेर आणि १५ ने आत, म्हणजे आधीपेक्षा दोन मिलिमीटर आतच. आतली कड १२.७ अधिक १५, जवळपास २८ मिलिमीटर आत! रुंद चाक बसवलं तर ते फेंडरला घासेल म्हणून सगळे बाहेरून बघतात, आणि इथे सगळी वाढ आतल्या बाजूला, स्प्रिंग आणि सस्पेन्शनच्या दांड्यांकडे झालेली आहे. हे कंपनीचंच माप असल्यामुळे आत तेवढी जागा राखलेली आहे. बाहेरच्या कंपनीचे रिम घेत असाल तर ही जागा तुम्हाला स्वतः मोजावी लागेल.

मोजायची पद्धत: मूळ चाक चढवलेलं असताना टायरच्या आतल्या कडेपासून सगळ्यात जवळच्या सस्पेन्शनच्या भागापर्यंतचं अंतर घ्या, बाहेरच्या बाजूला फेंडरच्या ओठापर्यंतचं घ्या, आणि वरचं गणित त्यातून वजा करा. आत किमान सहा-सात मिलिमीटर उरायला हवेत. गाडी भरलेली असताना चाक वर येतं आणि थोडं तिरपंही होतं, म्हणून बाहेरच्या बाजूला याहून जास्त लागतात.

रिम घेताना आणखी तीन गोष्टी बघा. बोल्टांचं वर्तुळ ५ गुणिले ११२, म्हणजे ११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट. मधलं भोक ६६.६ मिलिमीटर, त्याहून मोठं असेल तर हबवर नेमकी बसणारी रिंग घ्या, नाहीतर चाक बोल्टांवर लटकतं आणि वेगात थरथरतं. तिसरी गोष्ट बोल्टांची. ऑडीच्या बऱ्याच रिमना वर्तुळ हेच असतं, म्हणून ते स्वस्तात मिळाले की लोक बीएमडब्ल्यूला लावतात. पण ऑडीच्या बोल्टाची बैठक गोलाकार असते, बीएमडब्ल्यूची शंकूसारखी. बोल्टाची जाडी दोघांची १४ मिलिमीटर, पण दोन आट्यांमधलं अंतर बीएमडब्ल्यूचं १.२५ मिलिमीटर आणि ऑडीचं १.५. बैठक जुळली नाही तर बोल्ट कड्यावर टेकतो, घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि रस्त्यावर सैल होतो. यात तडजोड नाही.

टायर रिमच्या रुंदीला साजेसा हवा. २५५/४० आर१८ ला साधारण साडेआठ ते दहा इंचाचा रिम लागतो. मूळ साडेसात इंचावर तो ओढूनताणून चढवू नका, साइडवॉल फुगते आणि वळणात गाडी डुलते. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा कमी नको. गाडीत स्टेपनी नसेल आणि रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे) सोडून साधे टायर घेत असाल, तर हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं किट डिकीत ठेवा.

बसवण्याचा दिवस

टायर रिमवर चढवणं आणि बॅलन्सिंग दुकानातच करा. चाकं गाडीवर बसवणं मात्र मी घरी करतो, कारण हबची साफसफाई माझ्याइतकी मन लावून कोणी करत नाही.

सपाट जागा, गिअर पी मध्ये, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे. गाडी जमिनीवर असतानाच बोल्ट पाव फेरा सैल करा. जॅक फक्त कंपनीने दिलेल्या रबरी टेकूखाली लावा, आणि वर उचलल्यावर जॅक स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. गाडीचं एक टोक उचललेलं असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही, कारण ट्रान्सफर केसमधला क्लच आवळला गेला तर जमिनीवरची चाकंही ताकद लावतात.

चाक काढल्यावर हब बघा. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे हबच्या कडेला तपकिरी गंजाचा पापुद्रा धरतो. तो तारेच्या ब्रशने चमक येईपर्यंत काढा. रिमचा आतला टेकणारा भागही पुसून घ्या. एखाद्या पापुद्र्याने चाक अर्धा मिलिमीटर जरी तिरपं बसलं, तर तुम्ही बॅलन्सिंगवाल्याला दोष देत बसाल. चाक टांगायची एक लांब पिन जवळ ठेवा, ती एका भोकात फिरवून तिच्यावर चाक सरकवा. बीएमडब्ल्यूला नट नाहीत, बोल्ट आहेत, त्यामुळे पिनशिवाय जड चाक हातात धरून भोक जुळवणं म्हणजे बोटं चेपून घेणं.

बोल्ट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने, एक सोडून एक. शेवटचं घट्ट करणं गाडी खाली उतरवून, टॉर्क पान्ह्याने, १४० न्यूटन-मीटर, म्हणजे १०३ पाउंड-फूट. बोल्टाच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, लावलं तर तोच आकडा दाखवत बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पान्हा लावून बघा.

रस्त्यावर नेण्याआधी

हवा थंड टायरमध्ये, दाराच्या स्टिकरवर या मापासाठी लिहिलेली. पुढे आणि मागे आकडा वेगळा असू शकतो. नव्या रिममध्ये हवेच्या दाबाचे सेन्सर असायला हवेत. गाडीच्या स्क्रीनवर टायर प्रेशरच्या मेन्यूत जाऊन नवे टायर निवडा आणि थोडं अंतर चालवून प्रणालीला ते ओळखू द्या.

घासतंय का हे बघायला मी मुलांच्या खेळातली चिकणमाती वापरतो. मागच्या आर्चच्या आत आणि सस्पेन्शनच्या जवळच्या भागावर तिच्या गोळ्या चिकटवतो, मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरतो, आणि गतिरोधकांवरून हळू जातो. गोळी चपटी झाली की तिथे किती जागा उरली ते थेट दिसतं. टायर लागला असेल तर तो भाग चकचकीत होतो.

मग रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही दिशांना हळू गोल फेऱ्या मारा, पुढे आणि रिव्हर्स. रेडिओ बंद, खिडक्या उघड्या. थरथर किंवा अडखळणं जाणवलं, तर पुढे जाऊ नका, खडू आणि टेप काढा. मी थरथर कळल्यावर पुढचे टायर बदलले, आणि ट्रान्सफर केसचं तेलही बदलून घेतलं. निघालेलं तेल काळपट होतं आणि जळका वास येत होता. बदलल्यावर वर्कशॉपला त्या क्लचचं सेटिंग कॉम्प्युटरवरून नव्याने करायला सांगा, ते विसरतात. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट.

मागे रुंद चाकं घेतल्यावर बदलतं काय

गाडीची वागणूक बदलते, आणि ती सगळ्यांना आवडेलच असं नाही. मागची पकड वाढली की वेगात वळताना पुढची चाकं आधी हार मानतात, गाडी वळणाच्या बाहेर ढकलली जाते. मला हे सुरक्षित वाटतं. ज्याला नाक पटकन वळणारी गाडी आवडते, त्याने चारही चाकांना थोडे रुंद पण सारखे टायर घ्यावेत.

सगळ्यात मोठी किंमत मोजावी लागते ती टायर फिरवता न येण्याची. चारही सारखे असताना पुढचे मागे, मागचे पुढे करून झीज समान ठेवता येते. आता फक्त डावे-उजवे करता येतात, तेही टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच. म्हणून दर दोन महिन्यांनी मी चारही टायरच्या खाचा मोजून एका वहीत लिहितो. पुढे आणि मागे यांच्यात दोन-अडीच मिलिमीटरचा फरक दिसला की सावध. त्याच्या पुढे गेला तर चारही बदलायचे, फक्त झिजलेले दोन नाही.

हिवाळ्यासाठी मूळ मापाचे चार सारखे रिम वेगळे ठेवले आणि त्यांच्यावर बर्फाचे टायर चढवले. तापमान सात अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, त्यामुळे नोव्हेंबरच्या आसपास चारही एकदम बदलतो. पुढे बर्फाचे आणि मागे उन्हाळी अशी खिचडी ऑल-व्हील-ड्राइव्हला कधीच नको, अगदी एका आठवड्यासाठीही.

पुण्या-मुंबईत एम३४०आय एक्सड्राइव्ह चालवणारे मित्र खड्ड्यांची चिंता करतात. १८ इंची जोडीत मागची साइडवॉल १०२ मिलिमीटर उरते, पुढच्याइतकीच. २५५/३५ आर१९ घेतले तर ती ८९ वर येते, आणि खड्ड्यात रिम वाकायची भीती वाढते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत बदल हा भारतात नाजूक विषय आहे, म्हणून कंपनीच्या यादीतल्या मापांच्या बाहेर जाऊ नका. जून २०२० पासून टायरच्या आयातीवरही निर्बंध आले. निवडलेलं माप उद्या एकच टायर फुटला तर आठवड्याच्या आत मिळेल का, हे आधी दोन दुकानांत विचारून ठेवा.

एकच टायर फुटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असले, तर एकट्या नव्या टायरने तोच जुना गोंधळ पुन्हा सुरू होतो. अमेरिकेत काही विक्रेते नवा टायर यंत्रावर तासून बाकीच्या तिघांच्या खाचांइतका करून देतात. त्यासाठी त्यांना तिन्ही टायरच्या खाचांची मापं द्यावी लागतात. ती माझ्या वहीत असतात.